झाकण असलेली गव्हाण

जमिनीखाली काय सापडले, हे जमिनीवर काय बांधायचे आहे त्यावरून ठरते. पुरातत्त्वशास्त्राचा सारा डोलारा या एका सत्यावर उभा आहे. ते सत्य जोगेश्वरी पूर्वेला आमच्या सोसायटीने प्रत्यक्ष खणून सिद्ध केले, याची नोंद कुठेतरी व्हावी म्हणून हे लिहीत आहे.

मी या सोसायटीचा सचिव. सोसायटीचे नाव सुखनिवास. पुनर्विकासासाठी इमारत पाडून चार वर्षे होत आली होती, त्यामुळे त्या काळात सोसायटी होती पण इमारत नव्हती. (कारभाराच्या दृष्टीने ही आदर्श अवस्था होय. गळतीची एकही तक्रार येत नाही.) सभासद मिळेल तिथे भाड्याने पांगले होते. अध्यक्ष मार्तंड गुप्ते मुलुंडला लेकीकडे राहून जावयाच्या चेहऱ्याचा रोज अभ्यास करत होते. बाळा परब नालासोपाऱ्याला लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होते. त्यांची पत्नी सुलक्षणा गुडघ्यांनी अधू. चार माणसांनी खुर्चीत बसवून तिला वर नेले, ती परत खाली उतरली नव्हती. आणि एस्तेर नागावकर भाईंदरला एका खोलीत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका. जोगेश्वरीत उरलेल्या मोजक्या बेने इस्रायली घरांपैकी त्यांचे एक. म्हणजे धर्माने यहुदी, भाषेने मराठी आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत कट्टर. सोसायटीतली अर्धी पोरे त्यांच्या हाताखालून ऱ्हस्वदीर्घाचे मार्क गमावत मोठी झाली, म्हणून सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत.

नव्या इमारतीखाली दोन मजली वाहनतळ होणार होता. बहुतेक सभासदांकडे गाडी नाही, परंतु गाडीची सोय झाल्याशिवाय माणसाची सोय करता येत नाही असा नियम आहे. त्यासाठी मागची टेकडी पार जुन्या तळमजल्याखालपर्यंत कापायची होती. ती कापताना यंत्राचा दात एका दगडी फळीत शिरला, फळी फुटली आणि आत पोकळी दिसली.

पोकळीत एक खोली होती. दोन माणसे वाकून उभी राहतील एवढी. भिंतींत लांबट कोनाडे कोरलेले, आणि त्या कोनाड्यांत पाच दगडी पेट्या, प्रत्येकीवर झाकण. आमच्या टेकडीचा दगड काळा; या पेट्या पांढऱ्या होत्या. दोन पेट्यांवर फुलासारखी नक्षी, एकीवर खिळ्याने ओरखडल्यासारखी अक्षरे.

विकासकाच्या वतीने केयूर नावाचा तरुण सगळे व्यवहार पाहायचा. हा गृहस्थ कधी ‘नाही’ म्हणत नसे. कशालाही त्याचे उत्तर ‘होऊन जाईल’ असे असे, आणि चार वर्षांत त्यातले बरेचसे झाले नव्हते. केयूरने आत डोकावून त्याच क्षणी निर्णय दिला की ही जुनी पाण्याची टाकी आहे. पाच का, असे बाळा परबांनी विचारले. तेव्हा पूर्वी पाण्याचा दाब कमी होता, असे तो म्हणाला. अध्यक्षांनी मान डोलावली. मीही टाकी असेच लिहायला घेतले होते, तेवढ्यात गंधाली आली.

गंधाली टिपणीस आमची सभासद आणि पार्ल्याच्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवणारी. वीस वर्षे ती दुसऱ्यांनी काढलेल्या वस्तूंचे फोटो फळ्यावर दाखवून पोरांना शिकवत आली होती. स्वतःच्या हाताने तिला कधी खापरही सापडले नव्हते. ती पोकळीत उतरली आणि बराच वेळ वर आलीच नाही. आली तेव्हा तिचे गुडघे मातीचे होते आणि आवाज नेहमीपेक्षा हळू होता. काम थांबवा, असे ती म्हणाली.

पत्र्याच्या शेडमध्ये सभा बोलावली. गंधालीने जे सांगितले ते मी इतिवृत्तात घेतले आहे ते असे. दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमच्या आसपासचे यहुदी लोक मेलेल्या माणसाला खडकात कोरलेल्या खोलीत निजवून ठेवत. वर्षभराने देह मातीला मिळाला की हाडे गोळा करून चुनखडीच्या दगडाच्या पेटीत ठेवत. पेटीची लांबी मांडीच्या हाडाएवढी, कारण ते सर्वांत लांब. कधी एका पेटीत एकाच कुटुंबातली दोन-तीन माणसे. वर नाव कोरत. आपल्याकडच्या पेट्या हुबेहूब तशाच दिसत आहेत.

सभेला हे सगळे आश्चर्यकारक वेगाने समजले. आधी तात्पुरत्या जागेत हलवायचे, मग क्षेत्रफळ कमी करून कायमस्वरूपी पर्यायी जागेचा ताबा द्यायचा, आणि बाहेर नावाची पाटी. फक्त एका गोष्टीवर सभासदांचा विश्वास बसेना. ताबा एका वर्षात मिळत असे हे त्यांना अतिशयोक्त वाटले.

“पण त्या इथे जोगेश्वरीत कशा आल्या, ते मला ठाऊक नाही,” गंधाली म्हणाली. “दगड इथला नाही, एवढंच नक्की. म्हणून आत्ता मी त्यांना काहीच म्हणणार नाही. मोजमाप, चित्रं, फोटो, एकेक इंच. ते झाल्यावर बोलेन. मला पावसाळ्यापर्यंत द्या.”

पावसाळ्यापर्यंत काम थांबले की पाया पुढच्या दिवाळीवर जाणार, हे सगळ्यांना तोंडपाठ होते. बाळा परब उठले. हा माणूस कधी सभेत बोलत नाही.

“बाय,” ते म्हणाले, “माझी बाईल चार वर्सां खाली उतरूक नाय. खिडकीतसून रस्तो बघता नि माका विचारता, कधी. मी काय सांगू तिका? पेटी मोजतत म्हणान सांगू?”

गंधालीने खाली पाहिले. ती एवढेच म्हणाली की कॉलेजातून रजा घेते आणि जितके लवकर होईल तितके करते.

कोणताही प्रश्न सुटण्यासारखा नसेल तर त्यावर उपसमिती नेमावी लागते. ‘पेटी ओळख उपसमिती’ त्याच दिवशी नेमली. पुरातत्त्वाची माहिती असलेली व्यक्ती पूर्वग्रहदूषित असू शकते, म्हणून गंधालीला तिच्यात घेतले नाही. उपसमितीने पेट्यांकडे खुल्या मनाने, म्हणजे लांबून, पाहिले. ‘पाण्याची टाकी’ हा पर्याय नळ न सापडल्यामुळे बाद झाला. ‘इंग्रजांच्या काळातील दारूगोळ्याचे खोके’ हा पर्याय चांगला होता, पण त्यात पोलीस येतात. ‘इराण्याच्या बेकरीची पावाची भांडी’ हा एका सभासदाने भावनेच्या भरात सुचवलेला पर्याय. अखेर अध्यक्षांनी लक्ष वेधले की आरे कॉलनी इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे म्हशी आहेत. म्हशी आहेत तिथे गव्हाणी असणारच.

गव्हाणींना झाकण नसते, अशी हरकत आली. ती नोंदवून घेऊन मी ठरावाचा मसुदा केला: ‘सदर वस्तू या झाकण असलेल्या गव्हाणी असून, झाकण स्वच्छतेच्या दृष्टीने बसवलेले असावे.’ ठराव बहुमताने मंजूर झाला. झाकणांच्या फटींतून आत हाडे दिसतात, हा मुद्दाही गव्हाणीला पोषकच ठरला, कारण ती म्हशींची मानण्यात आली.

विरोधात दोन मते पडली. एक गंधालीचे. दुसरे बाईंचे, पण त्या म्हणाल्या की त्यांचा विरोध आशयाला नसून ‘असावे’ या शब्दाला आहे, कारण त्यातून विधान आहे की इच्छा हे कळत नाही.

अध्यक्षांनी बाईंना बाजूला घेऊन, अतिशय आदराने, विचारले की ही मंडळी तुमच्यातली तर नव्हेत ना. बाई म्हणाल्या, “आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं ते अलिबागजवळ नवगावला, असं मी लहानपणापासून ऐकते. जोगेश्वरीचं नाव त्यात कधी निघालं नाही. माझे आजोबा पेणला तेलाचा घाणा चालवायचे. दगडी पेटीबद्दल ते काही बोलल्याचं आठवत नाही.” अध्यक्षांना हायसे वाटले. मृतांना वारस नसणे ही पुनर्विकासातली मोठीच सोय आहे.

ठराव झाल्यामुळे आता पेट्या काय आहेत हे ठरलेले होते. गंधाली मात्र त्या काय आहेत ते शोधत राहिली. सकाळी ती पोकळीत उतरायची, प्रत्येक पेटीला क्रमांकाची चिठ्ठी लावायची, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायची, मग पाठीला रग लागेपर्यंत पेन्सिलीने चित्र काढायची. हाडांना तिने हात लावला नाही. फटींतून दिसली तेवढी नोंदली. बाई भाईंदरहून रिक्षा, बस करत यायच्या आणि खड्ड्याच्या काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत छत्री उघडून बसायच्या. गंधाली खालून मापे ओरडायची, बाई वर लिहून घ्यायच्या. उपसमितीला हे आवडले नाही, परंतु खुर्ची बाईंची स्वतःची होती.

अक्षरांचे फोटो गंधालीने परदेशातल्या एका जाणकाराला पाठवले. त्याचे उत्तर आले ते तिने शेडमध्ये सगळ्यांना सांगितले. वरच्या ओळीत होते: ‘शलोमित, योसेफची आई.’ खालच्या ओळीत: ‘उघडू नये.’

एका पेटीला नाव लागल्यामुळे सभेत थोडी चुळबुळ झाली. योसेफची आई गव्हाणीत काय करत होती, असा प्रश्न कोणी विचारला नाही, पण तो शेडमध्ये होता. ‘उघडू नये’ या अटीबाबत माझे मत मागवण्यात आले. मी सांगितले की ही अट तत्कालीन रहिवाशांवर बंधनकारक होती. विद्यमान सोसायटीने तिच्यावर सही केलेली नाही.

मग तो दिवस आला ज्या दिवशी आमच्या सोसायटीचे डोळे उघडले.

केयूरने विकासकाच्या सल्लागाराला आणले होते. सल्लागाराने सहज बोलता बोलता सांगितले की भूखंडावर संरक्षित प्राचीन वास्तू निघाली तर तेवढी जागा सोडावी लागते हे खरे. पण सोडलेल्या जागेच्या बदल्यात वर मजले चढवता येतात, आणि तेही घसघशीत. म्हणजे प्रत्येकाचे घर आणखी मोठे.

इतक्या कमी वेळात इतक्या लोकांची श्रद्धा बदलल्याचे उदाहरण इतिहासात नसावे. चहा यायच्या आत सोसायटी गव्हाणीतून बाहेर पडली. मी दुरुस्तीचा ठराव मांडला: ‘यापूर्वीच्या इतिवृत्तात जेथे जेथे गव्हाण हा शब्द आला असेल तेथे तेथे प्राचीन यहुदी अस्थिपेटी असे वाचावे.’ एकमताने मंजूर. (त्यामुळे आमच्या इतिवृत्तात आता एके ठिकाणी ‘आरे कॉलनीतील म्हशींच्या प्राचीन यहुदी अस्थिपेट्या’ असे वाक्य आहे. ते कायदेशीर आहे.) अध्यक्षांनी गंधालीचा जाहीर गौरव केला आणि तिला उपसमितीत घेतले. त्यांनी बाईंच्या खुर्चीवर गादी घालायला सांगितले. एका सभासदाने तर आपल्या आजीच्या माहेरचे कुणीतरी तेलाचा धंदा करत असे, असेही सूचित केले.

एकच अडचण होती. खोली लहान होती. पाच पेट्यांसाठी सोडावी लागणारी जागा म्हणजे कशीबशी दोन गाड्यांची. तिच्या बदल्यात वर मिळून मिळून किती मिळणार? पेट्या आणखी असत्या तर प्रश्नच नव्हता, असे कुणीतरी हळहळून म्हणाले.

“होऊन जाईल,” केयूर म्हणाला.

आणि यावेळी खरेच झाले. थोड्याच दिवसांत खोलीच्या मागे दुसरी खोली निघाली. तिच्या तोंडाशी प्लायवूड होते. आत तीन पेट्या होत्या, पहिल्या पाचांपेक्षा मोठ्या, कितीतरी गुळगुळीत, आणि खरे सांगायचे तर जास्त सुबक. फुलांच्या पाकळ्या मोजून सारख्या. अक्षरे तर चारही बाजूंना. सगळ्यांना त्या फार आवडल्या. अध्यक्ष म्हणाले की ही बहुधा त्यांच्यातली श्रीमंत मंडळी.

गंधाली आत गेली आणि लगेच बाहेर आली. पेट्या संगमरवराच्या होत्या, कटरच्या खुणा ताज्या होत्या, आणि पॉलिशचा वास अजून गेला नव्हता. तरी तिने त्यांची मापे घेतली. चित्रे काढली. अक्षरांचे फोटो त्याच जाणकाराला पाठवले. त्याने उत्तरात विचारले की ठिबक सिंचनाशी आपला काय संबंध, कारण मजकूर असा होता: ‘गाळणी दर आठवड्याला धुवावी.’ कारागिराने नमुना म्हणून शेतीच्या पाइपांचे इस्रायली खोके समोर ठेवले असावे. (मूळ अक्षरे त्याने अचूक उतरवली, हे मान्य करावे लागेल. आमच्या सोसायटीच्या पाटीवर ‘सुखनिवास’मधला सु दीर्घ आहे.)

सोसायटीने आठ पेट्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या अर्जावरून सरकारी अधिकारी पाहणीला येणार होते. त्याच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्ष गंधालीशी बोलायला शेडमध्ये आले. मी आणि बाईही तिथे होतो. अध्यक्ष चाळीस वर्षे विम्याच्या कचेरीत होते. ते रागावून बोलत नाहीत. त्यांनी समजावून सांगितले की तिने अहवालात फक्त आठ असा आकडा लिहायचा आहे, बाकी एक अक्षर बदलायचे नाही. आठ म्हणाली की जागा संरक्षित होईल. म्हणजे तिच्या पाच पेट्याही वाचतील. शलोमित तिथेच राहील, कुणी तिला हलवणार नाही. आणि पाच म्हणाली तर काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही.

“तुझ्या पाच खऱ्यांसाठी आमच्या तीन घे ना पदरात,” ते म्हणाले. “कुणाचं नुकसान आहे, गंधाली? सांग मला.”

हे खोटे नव्हते, म्हणूनच तिला ते लागले. मी तिला पाहत होतो. तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली, परत उचलली. आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचेच तिच्या हाती काही लागले होते आणि ते वाचवायला एक आकडा पुरेसा होता. शेवटी तिने बाईंकडे पाहिले.

“मुलाने दहापैकी पाच उत्तरं बरोबर लिहिली तर मी पाचाचे मार्क देत असे,” बाई म्हणाल्या. “बाकीची चुकली म्हणून बरोबरची कधी खोडली नाहीत. तू बरोबर आहे तेवढं लिही. घाबरतेस कशाला?”

गंधालीने तसा अहवाल लिहिला. पाच पेट्या: चुनखडीचा दगड, सुमारे दोन हजार वर्षे, इथे कशा आल्या ते अज्ञात. तीन पेट्या: संगमरवर, काळ: चालू महिना.

पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांचे नाव शरच्चंद्र घाटे. अत्यंत सरळ माणूस. त्यांनी गंधालीचा अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, खड्ड्यात उतरले, पाचही पेट्या बघितल्या आणि शलोमितच्या पेटीपाशी थोडा वेळ थांबलेदेखील. वर येऊन त्यांनी गंधालीला सांगितले की इतके व्यवस्थित काम त्यांनी नोकरीत पाहिलेले नाही. मग त्यांनी निर्णय सांगितला. सोसायटीचा अर्ज आठ पेट्यांचा आहे. एका अर्जाला एक निर्णय असतो. आठांपैकी तीन बनावट आहेत, हे अर्जाला जोडलेल्या अहवालातच सप्रमाण सिद्ध केलेले आहे. सबब अर्ज बनावट आहे. सबब पेट्या बनावट आहेत.

“म्हणजे माझ्याच अहवालामुळे?” गंधालीने विचारले.

“तो नसता तर आम्हाला ठरवणं कठीण गेलं असतं,” घाटे साहेब म्हणाले. त्यांना ते कौतुकच वाटत होते.

पाच पेट्यांचा वेगळा अर्ज करता येईल का, असे तिने विचारले. करता येतो, ते म्हणाले, मात्र ज्या वस्तू एकदा बनावट ठरल्या आहेत त्यांचा अर्ज स्वीकारता येत नाही.

शासनदरबारी आठही वस्तूंचे वर्गीकरण ‘बागेतील शोभेच्या वस्तू’ असे झाले. सोसायटीने हा धक्का धीराने घेतला. वाढीव मजले गेले, पण काम सोमवारपासून सुरू होणार होते. बाळा परबांनी तिथूनच घरी फोन लावला आणि सोमवारपासून, असे सांगितले.

आता प्रश्न हाडांचा उरला. शोभेच्या वस्तूंत हाडे असू नयेत, याबद्दल कुणाचे दुमत नव्हते. घाटे साहेबांच्या खात्याने कळवले की बनावट पेटीतील ऐवज त्यांच्या कक्षेत येत नाही. आरोग्य खात्याने कळवले की इतक्या जुन्या मृतांपासून साथीचा धोका नसल्याने त्यांचा संबंध नाही. पोलिसांनी बसवून घेतले, चहा दिला आणि तक्रारदार कोण असे विचारले. केयूर म्हणाला की सोमवारी डंपर येतोच आहे, राडारोड्यात होऊन जाईल.

तेव्हा बाई खुर्चीतून उठल्या. हाडे मी घेऊन जाते, म्हणाल्या, आमच्या दफनभूमीत ठेवते. अध्यक्षांनी आठवण करून दिली की ही मंडळी तुमच्यातली नाहीत असे तुम्हीच सांगितले होते.

“मी म्हटलं, मला ठाऊक नाही,” बाई म्हणाल्या. “अजूनही नाही. पण कुणाची तरी आई आहे ना ती? मग इतकी चर्चा कशाला?”

त्यासाठी एक अर्ज भरावा लागला. त्यात ‘मृताशी नाते’ असा रकाना होता. मी सुचवले की ‘समाजबांधव’ लिहा, त्यात काही सिद्ध करावे लागत नाही. बाईंनी पेन घेतले आणि आपल्या शाळामास्तरीण अक्षरात लिहिले: शेजारी. मी हरकत घेतली. त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं तळमजल्यावर यांच्या डोक्यावर राहिले मी. रोज पाणी तापवलं, भांडी आपटली, पोरांना ओरडले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांबद्दल तुम्ही हे म्हणू शकाल?”

मला म्हणता आले नाही. अर्ज मंजूर झाला.

पेट्यांसकट न्यावे, असे गंधालीचे म्हणणे होते. हाडे आणि पेटी वेगळी केली की दोन्ही मुकी होतात, असे ती म्हणाली. परंतु पेट्या बागेतील शोभेच्या वस्तू म्हणून सोसायटीच्या मालमत्तेत दाखल झाल्या होत्या आणि मालमत्ता बाहेर नेण्यास सर्वसाधारण सभेची परवानगी लागते. सभेने ती नाकारली. तेव्हा रविवारी सकाळी गंधालीने स्वतः खाली उतरून, जे कधी करणार नाही असे तिने ठरवले होते, ते केले. झाकणे सरकवली आणि हाडे एकेका पेटीतून एकेका पांढऱ्या कापडात काढली. एका पेटीतले दुसऱ्या कापडात तिने जाऊ दिले नाही. कापडांवर तिने क्रमांक घातले. बाईंनी एका कापडावरचा क्रमांक खोडून तिथे नाव लिहिले.

दफनभूमीत पूर्ण प्रार्थनेसाठी समाजातले दहा पुरुष लागतात. उपनगरात आता तेवढे चटकन जमत नाहीत. प्रार्थना म्हणणाऱ्या हज्जानांनी सकाळपासून फोन केले तेव्हा नऊ जमले. बाळा परब नालासोपाऱ्याहून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी चालेन काय, असे त्यांनी विचारले. हज्जानांनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितले की त्या मोजणीत नाही चालणार, पण खांदा द्यायला चालाल. मग ठाण्याच्या एका घरातल्या पाहुण्या जावयाला नाश्त्यावरून उठवून आणले आणि दहा झाले. पाच छोटे खड्डे होते. परबांनी टोपी घालून एकेक कापड दोन्ही हातांनी उतरवले आणि प्रत्येक वेळी मालवणीत काहीतरी पुटपुटले. अध्यक्षही आले होते. ते जावयाची गाडी घेऊन आले होते आणि संपूर्ण वेळ अनवाणी उभे राहिले. तशी प्रथा नाही, हे त्यांना कुणी सांगितले नाही.

शेवटी नाव घ्यायची वेळ आली. चार कापडांना नाव नव्हते. पाचव्याचे बाईंनी घेतले, मोठ्याने, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल असे. शलोमित, योसेफची आई. गंधाली त्या वेळी पहिल्यांदा रडली.

इमारत पुढे दोन वर्षांनी पूर्ण झाली. सुलक्षणाबाई लिफ्टने वर गेल्या आणि पहिल्या दिवशी सातदा खाली आल्या. बाईंना तळमजला मिळाला नाही, कारण तळमजल्यावरही गाड्या आहेत. त्या सहाव्या मजल्यावर राहतात आणि म्हणतात की इथे खालचे शेजारी फार आवाज करतात. गंधालीचा अहवाल दोन नियतकालिकांनी परत पाठवला. दोघांनीही शासनाचा दाखला मागितला होता. ती आता वर्गात स्वतःची चित्रे दाखवते. पोरे विचारतात की त्या पेट्या आता कुठल्या संग्रहालयात आहेत. लॉबीत आहेत, असे ती सांगते. ते खरेच आहे. आठही पेट्यांत मनीप्लांट लावला आहे. दर्शनी भागात अर्थात संगमरवराच्या तीन आहेत, कारण त्या जास्त जुन्या वाटतात. पाच चुनखडीच्या पंपाच्या खोलीशेजारी आहेत. माळी त्यांच्यावर पाइप टाकून ठेवतो. गंधाली कामाला जाताना तो उचलून बाजूला ठेवते.

ही हकिकत मी बऱ्याच सुशिक्षित, संवेदनशील माणसांना सांगितली आहे. सगळ्यांनी ती मन लावून ऐकली, योग्य जागी हळहळले, योग्य जागी घाटे साहेबांना हसले. बाकीच्या चार कापडांत कोण होते, असे अजून एकानेही विचारलेले नाही. हकिकत संपली की जरा थांबून, घसा खाकरून, सगळे एकच गोष्ट विचारतात. आपणही मघापासून तिचीच वाट पाहत आहात आणि मी सांगत नाही म्हणून मनातून थोडे वैतागला आहात, हे मला दिसते आहे.

जुन्या घरापेक्षा पस्तीस टक्के जास्त. कार्पेट. आता बरे वाटले?